पावसात गेलेला कलामेळा आणि घाईने लावलेला निकाल

"एवढी तयारी करून मेळ्यात बसले आणि काहीच विकले गेले नाही, म्हणजे माझ्या कामात दम नाही असेच समजायचे ना?" हा प्रश्न मला कलाकारांकडून अनेकदा ऐकावा लागतो. त्याला उत्तर म्हणून एका चित्रकर्तीची हकीकत सांगते. त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील बदललेले आहेत.

त्या जलरंगात काम करतात. खुल्या मैदानावर भरलेल्या दोन दिवसांच्या कलामेळ्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्टॉल घेतला होता आणि नोकरी सांभाळून, रात्री जागून केलेली बत्तीस चित्रे तेथे मांडली होती. पहिल्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि त्यामागून आलेला पाऊस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रेंगाळला. मंडपाच्या छतावर पाणी साचून कापड खाली झोळ धरत असे, तो झोळ काठीने वर ढकलून पाणी सांडावे लागे. त्यातच वाऱ्याने मंडपाचे पाय उचलले जात असल्यामुळे त्या बराच वेळ एक खांब दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. दोन छोटी चित्रे विकली गेली आणि चार भिजली. माझ्याकडे त्या आल्या तेव्हा या गोष्टीला तीन आठवडे झाले होते आणि त्यांनी ब्रशला हात लावलेला नव्हता.

पहिल्याच भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. "दोष पावसाचा होता, तुमच्या चित्रांचा नव्हता," असे मी म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "शेजारच्या स्टॉलवरही तोच पाऊस पडत होता. त्यांची विक्री झाली." खरा सल तेथे होता, आणि माझ्या दिलाशाने तो झाकला जाणार होता. सल ऐकून घेण्याआधी दिलेला दिलासा समोरच्याला आणखी एकटे पाडतो, हे ठाऊक असूनही मी घाई केली होती.

पुढच्या भेटीत मी त्यांना त्या दोन दिवसांत डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगायला सांगितले. शेजारच्या स्टॉलवर हातात मावतील अशी छोटी प्रिंट होती, प्रत्येक प्रिंट पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात होते आणि मंडपाला तिन्ही बाजूंनी पडदे होते. यांच्याकडे काचेच्या फ्रेममधली मोठी चित्रे होती आणि पडदा एकाच बाजूला होता. एका हातात छत्री धरलेला माणूस दुसऱ्या हाताने मोठी फ्रेम घेऊन भर पावसात निघेल, ही शक्यता किती, असे मी विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी आपणहून सांगितले की आडोशाला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी एका चित्रासमोर पुष्कळ वेळ घालवला होता आणि "हे भिजवत नेववणार नाही" असे म्हणून ते गेले होते. ही आठवण तीन आठवडे त्यांच्या हिशेबात कोठेच नव्हती.

1978 मध्ये लिन अब्रॅमसन, मार्टिन सेलिगमन आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी अशी मांडणी केली की वाईट घटनेचे कारण माणूस कोठे शोधतो यावर त्याची हतबलता किती खोल आणि किती काळ राहील हे पुष्कळसे ठरते. कारण माझ्यात आहे की बाहेर, ते कायमचे आहे की तात्पुरते, ते आयुष्याच्या सगळ्या अंगांत पसरलेले आहे की या एका प्रसंगापुरते, हे त्यातले तीन प्रश्न. "मी सामान्य चित्रकार आहे" या त्यांच्या एका वाक्यात तिन्ही उत्तरे सर्वांत जड बाजूची होती. आम्ही ते वाक्य सोडवून पाहिले, तेव्हा पाऊस बाहेरचा आणि तात्पुरता निघाला. पडदे आणि पाकिटे नसणे ही त्यांची स्वतःची, पण सुधारता येणारी उणीव निघाली. चित्रांच्या गुणवत्तेबद्दल मात्र त्या दोन दिवसांनी काहीच सांगितलेले नव्हते.

हे 'काहीच नाही' त्यांना सर्वांत जड गेले. माझा अनुभव असा आहे की निकालच न लागणे सोसण्यापेक्षा वाईट निकाल पत्करणे मनाला सोपे वाटते, कारण निदान वाट पाहणे तरी संपते. आपले काम चांगले आहे का, या प्रश्नासह आणखी काही महिने राहावे लागणार, हे त्यांना मी गोड करून सांगितले नाही.

भिजलेल्या चार चित्रांविषयी आम्ही स्वतंत्रपणे बोललो आणि त्या दिवशी त्या रडल्या. ते नुकसान खरे होते. त्याला 'अनुभव' असे नाव देऊन गुंडाळून टाकणे मला अन्यायाचे वाटले असते. तोवर ती चित्रे त्यांनी एका पिशवीत तशीच ठेवली होती. मी ती उघडून पाहायला सुचवले. दोन चित्रांचे रंग पाण्याने ओघळून गेले होते आणि त्यांना उपाय नव्हता. उरलेल्या दोहोंत रंग शाबूत होते, फक्त कागदाच्या तंतूंनी ओलावा शोषल्याने कागदाला लाटा आल्या होत्या. तसा कागद मागून किंचित दमट करून, शोषक कागदांमध्ये वजनाखाली सावकाश वाळवला की बहुतेक वेळा सपाट होतो, हे त्या माझ्याहून चांगले जाणत होत्या. पिशवी उघडण्याचे धैर्य तेवढे होत नव्हते.

पाचव्या भेटीत त्यांनी दुसऱ्या मेळ्याचा अर्ज भरल्याचे सांगितले. सोबत एक वही होती. तिच्या पानावर त्यांनी चार रकाने आखले होते : हवामान, किती लोक थांबले, कोणत्या चित्रापाशी थांबले, किती विकली गेली. विक्रीचा रकाना त्यांनी शेवटी ठेवला होता. त्याच पानाच्या तळाशी पडद्यांची, मंडपाच्या पायांना बांधायच्या वजनांची आणि पाकिटांची यादी होती. सपाट झालेल्या दोन चित्रांपैकी एक त्या नेणार होत्या. दुसरे विकायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.