जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरचा काटा हलत नाही, काय करावे?

प्रश्न : ट्रॅक्टर जुना आहे. कितीही नांगरट केली तरी तापमानाचा काटा थंडच्या खुणेवरच असतो. नवे मीटर बसवले, तरी तेच. आता काय बदलावे?

दुसऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्न : ऑईल प्रेशरचा काटा शून्यावर आहे, पण इंजिन झकास चालते. मीटर खराब समजून काम चालू ठेवले तर चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे आधी सांगतो, कारण तिथे उशीर परवडणार नाही. इंजिन बंद करा आणि तपासणी होईपर्यंत चालू करू नका. प्रेशर खरोखर गेले असले तरी इंजिन थोडा वेळ नेहमीसारखेच चालते. ठकठक ऐकू येईपर्यंत बेअरिंग खराब झालेले असते, क्रँकवर चरे पडलेले असतात. एका मीटरच्या दुरुस्तीचे काम मग पूर्ण इंजिनकामावर जाते.

प्रथम डिपस्टिकने, म्हणजे इंजिनमधल्या ऑईल मोजायच्या पट्टीने, ऑईल पाहा. पातळी बरोबर असेल, तर खात्रीचे दुसरे प्रेशर मीटर इंजिनवरच्या त्याच जागी जोडून पाहायला मेकॅनिकला सांगा. आटे जुळणारेच असावेत. गरम इंजिनला कामाच्या वेगावर बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ ते ४ किलो, म्हणजे दर चौरस इंचाला ३० ते ६० पौंडांच्या आसपास प्रेशर असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. हे मीटर जोडून इंजिन चालू केल्यावर काही सेकंदांत काटा उचलला नाही, तर लगेच बंद करा. दोष ऑईल पंप, त्याची जाळी किंवा बेअरिंगमध्ये शोधावा लागेल. काटा नीट वर आला, तर तुमचे मीटर, त्याची नळी किंवा वायर खराब आहे. मीटरपर्यंत तांब्याची बारीक नळी येत असेल तर ती गाळाने चोंदते, किंवा कंपनाने नटाजवळ तडकते. नवी नळी टाकताना तिला मध्ये एक गोल वेटोळा द्या, म्हणजे कंपनाचा ताण नटावर येत नाही.

आता तापमानाचा काटा. नवे मीटर टाकूनही फरक नाही, म्हणजे दोष बहुधा मीटरमध्ये नव्हताच. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण काढून पाणी पाहा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, वाफ अंगावर येते. पाणी कमी असेल तर इंजिनवरचा सेंडर, म्हणजे पाण्याचे तापमान मीटरला कळवणारा भाग, पाण्याबाहेर राहतो, आणि इंजिन तापत असताना काटा मात्र थंड दाखवतो. ही फसगत सर्वांत महागात पडते, म्हणून ती आधी सांगितली. दुसरी शक्यता अशी, की मीटर खरे बोलत आहे. पूर्वी कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला असेल किंवा तो उघडाच अडकला असेल, तर हलक्या कामात इंजिन खरोखर थंड राहते. तेही बरे नाही. डिझेल नीट जळत नाही आणि लायनर-रिंग लवकर झिजतात.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर मीटरच्या मागे पाहा. वायर येते की धातूची केसासारखी नळी येते?

वायरचे असेल तर तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करा. सेंडरवरची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला क्षणभर टेकवा. बहुतेक मीटरांत काटा गरमच्या टोकाकडे धावतो. धावला, तर मीटर आणि वायर चांगले आहेत, सेंडर बदला. नवा सेंडर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर देऊ नका. सेंडरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळते, टेपने ते तुटते. काटा हललाच नाही, तर फ्यूज, उंदराने कुरतडलेली वायर, मीटरपर्यंत येणारा करंट आणि मीटरचे अर्थिंग या क्रमाने तपासा. डॅशबोर्डच्या पट्टीवर गंज किंवा नवा रंग असला की अर्थिंग जाते. तिथे पॉलिश पेपर मारला तरी पुष्कळदा काम भागते.

डिझेलचा आणि तापमानाचा काटा एकदमच बिघडले असतील तर दोन्ही मीटर बदलू नका. काही जुन्या मॉडेलांत दोघांना मिळून व्होल्टेज कमी करणारा एकच छोटा डबा असतो, तो पाहा. अशा मीटरला तपासणीसाठी बॅटरीची थेट वायर लावली तर चांगले मीटरही जळते.

नळीचे मीटर असेल तर नळीच्या इंजिनकडच्या टोकाला बल्ब असतो; पाणी त्याच्या खाली उतरवून तो बल्ब काढा आणि तापत्या पाण्याच्या भांड्यात धरा, शेजारी थर्मामीटर ठेवा. काटा थर्मामीटरबरोबर चढला तर मीटर चांगले. मुळीच चढला नाही तर नळीतला द्रव गळून गेला आहे. नळी डाग देऊन जोडून उपयोग नाही, आणि तो द्रव बऱ्याचदा पेट घेणारा असतो, म्हणून ज्योत जवळ नेऊच नका. पूर्ण संच बदलावा लागतो. जादा नळी कापू नका, हाताएवढे सैल वेटोळे करून बांधा. तीक्ष्ण घडी पडली की नवा संचही वाया जातो.

डॅशबोर्ड खोलण्यापूर्वी बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर आधी काढा आणि शेवटी लावा. अँपिअर मीटरच्या मागच्या वायरमध्ये चावी बंद असतानाही करंट असतो. पाना चुकून बॉडीला टेकला तर वायरिंग पेटते.

आणि डॅशबोर्ड खोललाच आहे, तर तासमीटरची केबलही पाहून घ्या. आतली तार बाहेर काढून ग्रीस लावा, पण मीटरकडचे शेवटचे चार बोटे कोरडे ठेवा, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढते. केबल तुटलेली असेल तर नवी मिळेपर्यंत कामाचे तास वहीत लिहा, त्यावरच ऑईल बदलायची वेळ ठरते.