आडत्याने सोयाबीनच्या विक्रीचे पैसे डिजिटल रुपयात दिले, तर तो खरा पैसा धरायचा का?

धरायचा. डिजिटल रुपया म्हणजेच ई-रुपया, तो रिझर्व्ह बँक स्वतः काढते. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून बँक नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपही घातलं. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून किरकोळ वापराची चाचणी सुरू झाली. यूपीआयने येते ती बँकेतली ठेव, म्हणजे तुमच्या बँकेचं देणं. ई-रुपया मात्र खिशातल्या नोटेसारखा थेट रिझर्व्ह बँकेचं देणं, म्हणून त्यावर व्याज नाही. नको असेल तर ई-रुपयाच्या वॉलेटमधून (मोबाइलवरच्या पाकिटातून) बँक खात्यात वळवा.

बिटकॉइनचं वेगळं. नफ्यावर सरकार ३० टक्के कर घेतं, पण तेवढ्याने ते चलन होत नाही. लातूरच्या मोंढ्यात हमालीसुद्धा कुणी त्यात घेणार नाही.

पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, मात्र कागदावर मागाच (पैसे रोखीत मिळाले तरी ती मागावीच लागते म्हणा).