आधी कागद, मग बकरी

भाऊ, दुबईचा गिऱ्हाईक सापडला म्हणून लगेच बकऱ्यांना इसार देऊ नको. आधी त्याच्याकडून आयात परवाना मागव. कोणत्या रोगाच्या तपासण्या, किती दिवस क्वारंटाईन, हे त्यातच लिहिलेलं असतं. आपला माल त्यात बसला तरच पुढे जा. 2018 मध्ये आपल्या नागपूरहून शारजाला विमानाने शेळ्या-मेंढ्या पाठवायचं पक्कं झालं होतं. विरोध झाला आणि ते ऐनवेळी थांबलं. जिवंत जनावर थांबवून ठेवता येत नाही रे. त्याला चारा लागतो, पाणी लागतं, वजन रोज उतरतं.

मांसाचं म्हणशील तर अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी आणि मान्यताप्राप्त कत्तलखाना, यांच्याशिवाय पान हलत नाही. गोमांसाच्या निर्यातीला बंदी आहे. म्हशीचं मांस जातं, पण बिनहाडाचंच. झिंग्याचं खातं वेगळं, तिथे एमपीडा, म्हणजे समुद्री मालाची निर्यात बघणारी सरकारी संस्था. युरोपवाले अँटिबायोटिकचा अंश शोधतात, सापडला तर कंटेनर परत.

खरी लढाई मात्र तापमानाची. गोठवलेला माल उणे 18 अंशांवर, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेर 45. माझी एक गाडी मुंबईच्या वाटेवर रात्री बंद पडली. चालकाने सकाळी सांगितलं, तोवर माल हातचा गेला होता. तेव्हापासून प्रत्येक गाडीत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवतो आणि रात्री दोनलाही फोन करतो. तूही कर, चालक चिडला तरी चालेल.