वसंताची चाहूल ‘लागते’ की वसंत चाहूल ‘देतो’?

विचारणा अशी आहे: ‘लांबलेल्या हिवाळ्यानंतर झाडांना नवी पानं उगवली आणि वसंत ऋतूने आपल्या आगमनाची चाहूल दिली’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि चाहूल कानाला लागते, मग डोळ्यांना दिसणाऱ्या पानाफुलांसाठी हा शब्द चालेल का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. चाहूल म्हणजे मुळात कुणीतरी जवळ येत असल्याची बारीकशी जाणीव. पावलांचा आवाज, पाचोळ्याची सळसळ, दाराबाहेरची हालचाल. माणूस अजून दिसलेला नसतो, हे महत्त्वाचं. दिसला की चाहूल संपली. म्हणून मला वाटतं, कान की डोळे हा खरा भेद नाहीच. आलेलं आणि येऊ घातलेलं यांतला भेद खरा. फांदीवरचा एखादा डोळा, म्हणजे पानाची मिटलेली कळी, फुगलेला दिसला, तर ती चाहूल. झाड फुलांनी लगडलं, की तो बहर. तिथं चाहूल हा शब्द उशिरा पोचतो.

आणि बर्फाच्या मुलखात तर ही चाहूल अक्षरशः कानालाच लागते. महिनोन्‌महिने सगळं गोठून मुकं झालेलं असतं आणि एका दुपारी वळचणीवरून थेंब पडायला लागतात. टप्‌... बराच वेळ काही नाही... पुन्हा टप्‌. अजून एक पान नाही, गवताची काडी नाही, पण ऐकणारा जागच्या जागी थबकतो. या क्षणासाठी ‘चाहूल’इतका नेमका शब्द मला दुसरा सुचत नाही. सुगावा लागतो तो कुणी लपवलेल्या गोष्टीचा. कुणकुण लागते ती कुजबुजीतून. मागमूस तर बहुतेक ‘नाही’बरोबरच येतो.

आता क्रियापद. चाहूल लागते किंवा आपण ती घेतो. येणारा ती देत नाही; त्याच्या नकळत ती आपल्याला लागते. मांजराची चाहूल उंदराला लागते, मांजर ती देत नाही. ‘चाहूल दिली’ छापील मजकुरात दिसतं, अर्थही कळतो, पण मी तरी ते टाळेन. वसंत आपणहून वर्दी देतोय असं म्हणायचं असेल तर ‘वर्दी दिली’ हा शब्द आहेच. ‘आगमनाची चाहूल’मधलं आगमनही जादा, कारण चाहूल येणाऱ्याचीच असते. हिवाळा जातोय त्याची चाहूल नको. थंडी सरते, ओसरते, फार तर काढता पाय घेते.

‘पानं उगवली’ मात्र बदलाच. बी उगवतं, सूर्य उगवतो. झाडाला पालवी फुटते. हा ‘फुटणे’ मला फार आवडतो, कारण तो झाडाच्या बाबतीत शब्दशः खरा आहे. थंड मुलखातल्या पानगळीच्या झाडांचे डोळे आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेले असतात. खवल्यांच्या वेष्टनात मिटून ते हिवाळा काढतात. पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय त्यांची सुप्तावस्था मोडत नाही; मग ऊब वाढली की खवले उलगडतात आणि आत घडी घातलेलं पान बाहेर येतं. एकदा मी असा फुगलेला डोळा नखानं उकलून पाहिला होता. आत चुण्या पडलेली, ओलसर, फिकट हिरवी पानं होती, सगळी एकमेकांना बिलगलेली. तेव्हापासून ‘पानं आली’ असं लिहायला हात धजत नाही. कंदातून वर येतो तो कोंब, बियाण्यातून अंकुर, छाटलेल्या खोडावर धुमारा. आणि सगळ्यांना क्रियापद तेच, फुटणे.

बहर मात्र फुटत नाही, येतो. हा शब्द फारसी ‘बहार’ म्हणजे वसंत, यावरून आपल्याकडे आला. प्राचीन फारसीत तो ‘वाहर’ होता. प्राचीन इराणचा सम्राट पहिला दारयवहू (डरायस) याच्या बेहिस्तून शिलालेखात ‘थूरवाहर’ या महिन्याच्या नावात तो दिसतो. संस्कृत ‘वसंत’, फारसी ‘बहार’ आणि लॅटिन ‘वेर’ ही एकाच मुळाची फळं. म्हणजे ‘वसंताचा बहर’ म्हणताना आपण दोन चुलत भावंडांना शेजारी बसवतो. याला मी द्विरुक्ती मानत नाही: मराठीत एकानं ऋतूचं नाव घेतलं आणि दुसऱ्यानं फुलण्याचा अर्थ.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘हिवाळा लांबला होता. आज फांदीवरचे डोळे फुगलेले दिसले आणि वसंताची चाहूल लागली.’ पालवी फुटल्याचं पुढच्या वाक्यात येऊ द्या, तिला अजून चार दिवस आहेत.