मूलबाळ नसताना आपल्यामागे काय उरते?

आपण विचारले आहे की साठी जवळ आली, मूलबाळ नाही, उमेदीची सारी वर्षे बँकेच्या नोकरीत गेली, पुस्तक लिहिले नाही की संस्था काढली नाही. अशा माणसाच्या मागे काय उरणार आणि त्याने आता काय करावे. हा प्रश्न माझ्याही मनात बरीच वर्षे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपले नाव मागे राहावे ही इच्छा स्वाभाविक आहे, पण ते राहणे न राहणे आपल्या हाती नसते. भरल्या घरांतही पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले तर बहुतेकांना ते सांगता येत नाही. तेव्हा केवळ अपत्य नाही म्हणून आपले सगळे आपल्याबरोबर संपणार, असे मानायचे कारण मला दिसत नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशा स्थितीत ठेवून जाणे मात्र आपल्या हाती असते, आणि याची खात्री मला जुन्या कागदांनी पटवली.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची पत्नी लवकर गेली; त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि गावोगावच्या वाड्यांतली, माळ्यांवरची, वाळवी लागलेली दप्तरे मिळवण्यात जन्म घालवला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे आहेत. पुढे असे २२ खंड झाले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. हा वारसा मोठाच आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्यापेक्षा त्या कागदांवर बोरू चालवणाऱ्यांकडे सापडते. कुणी दरबारातला वकील, कुणी सावकाराचा कारकून, कुणी गावचा कुलकर्णी. त्यांनी कर्जाचा आकडा लिहिला, फौजेचा मुक्काम कळवला, बांधाच्या तंट्यात कोणी काय साक्ष दिली ते नोंदवले. पुढच्या पिढ्यांसाठी काही ठेवावे असा विचार त्यांच्या मनात क्वचितच आला असेल. समोरचे काम नीट लिहून ठेवायचे, एवढेच ते करत होते. आज अठराव्या शतकातल्या महाराष्ट्राबद्दल आपण जे खात्रीने बोलू शकतो, त्यातले बरेचसे या माणसांच्या भरवशावर बोलतो.

त्यातही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळातल्या कितीतरी पत्रांवर तिथी आणि महिना असतो, पण साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? त्या एका न लिहिलेल्या सालापायी अभ्यासकांना मजकुरातले उल्लेख ताडून पाहत बसावे लागते, आणि तरीही कधी कधी पत्र कोणत्या वर्षाचे यावर एकमत होत नाही.

माझी एक आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि अविवाहित होती. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या प्रत्येक फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने ‘डावीकडून’ असे लिहून ओळीने नावे, गाव आणि साल टिपलेले होते. जिथे नाव आठवले नाही तिथे तिने रेघ ओढून जागा मोकळी ठेवली होती. आमच्या घरातले बाकीचे फोटो आज निनावी चेहऱ्यांचे आहेत. तिच्या फोटोंवरून मात्र पुतण्यांची मुलेसुद्धा आपली माणसे ओळखतात, आणि ती मोकळी जागा भरण्यासाठी वडीलधाऱ्यांना फोन करतात.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचेही उरले आहे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या गाणाऱ्या बायकांची नावे, गावेही नोंदवली. ओवी आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जात राहिली. ती पहिल्यांदा कोणाला सुचली हे कोणालाच माहीत नाही. तरी कोण्या एका बाईचे दुःख त्यात जसेच्या तसे आहे.

आता आपल्याविषयी. आपण वयाचा जो आकडा दिला आहे, त्यावरून खतावण्या हाताने लिहिण्यापासून सगळा कारभार संगणकावर जाईपर्यंतचा काळ आपण बँकेच्या टेबलामागून पाहिला असणार. अंगठा उठवणारे खातेदार, सुगीनंतरची गर्दी, दिवसअखेर ताळा जुळेपर्यंत थांबलेली माणसे, कर्ज मागताना लोक काय बोलत आणि काय लपवत: हे आपल्याइतके बारकाईने सांगणारे फार थोडे उरले आहेत. ग्राहकांची नावे टाळून, साध्या भाषेत, साल घालून ते लिहावे. ललित लेखनाचा आव आणण्याची गरज नाही.

घर आणि ठेवी यांचे मृत्युपत्र मात्र आधी करावे, कारण ते राहून गेले तर मागच्यांच्या वाट्याला कज्जे येतात. दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. नंतर घरातले जुने फोटो बाहेर काढून बसावे, सोबतीला एखाद्या भाचीला किंवा शेजारच्या मुलाला घ्यावे आणि नावे त्यांच्या हातून लिहून घ्यावीत, म्हणजे लिहिता लिहिता ते प्रश्न विचारतील आणि आपल्याला एरवी आठवले नसते ते आठवेल. बँकेतल्या आठवणींची वही पुरी झाली की तिची एक प्रत गावच्या वाचनालयात, ग्रंथपालाशी बोलून, आपण स्वतः नेऊन द्यावी.