सड्यावरची खाण आणि ओढ्यातले मासे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावावरच्या सड्यावर (जांभ्याच्या सपाट पठारावर) बॉक्साइट खाणीचा विस्तार होतोय. पर्यावरण आघात अहवालात ‘संकटग्रस्त मासे आढळले नाहीत’ एवढी एकच ओळ आहे. जनसुनावणीत काय मांडावं? (एक वाचक, शाहूवाडी तालुका)

उत्तर : आधी पाहणीच्या तारखा शोधा. खाणीच्या अहवालासाठी सहसा एकाच हंगामाची माहिती मागतात, आणि तीही पावसाळा वगळून. आपल्या नद्यांतले बहुतेक मासे मात्र पावसाळ्यात, पुराच्या पाण्यावर चढून अंडी घालतात. म्हणजे ओढ्याचं खरं महत्त्व ज्या महिन्यांत दिसतं, तेच महिने अहवालात नसतात.

कृष्णा खोऱ्यात दोन संकटग्रस्त माशांची नावं घेऊन विचारा. पहिला नुक्ता : थोबाडावर खोल आडवी खाच असलेला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. दुसरा ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस : छातीवरच्या वळ्यांनी दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात टिकणारा छोटा मासा. दोघांचंही जगणं स्वच्छ दगडावर अवलंबून आहे. ओढ्यातला एखादा दगड उचलून पाहा. खाली चपट्या अळ्या धावत असतील, तर तळ जिवंत आहे. दगड निम्म्यापर्यंत लाल गाळात रुतलेला असेल आणि उचलताना चिखल सुटत असेल, तर तिथे चिकटायला जागा नाही आणि खायलाही काही नाही.

‘आढळले नाहीत’ म्हणजे ‘नाहीत’ नव्हे. समजा, मासा तिथे आहे आणि एका फेरीत तो सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग पाच फेऱ्या करूनही तो हुकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के उरते. एकाच फेरीत ती ७०. म्हणून अहवालात किती फेऱ्या झाल्या, कोणत्या जाळ्यानं, जाळ्याचा आस (भोकाचा आकार) किती आणि पाणी गढूळ होतं का, हे लिहिलेलं हवं. नसेल तर तेवढाच मुद्दा लेखी द्या. सुनावणीआधी किमान ३० दिवस सूचना द्यावी लागते, मराठीतला सारांश मिळतो, आणि तिथे आलेल्या हरकतींची उत्तरं अंतिम अहवालात यावी लागतात. तोंडी बोललेलं विरून जातं, लेखी राहतं.

आणखी एक. विस्ताराच्या अहवालात आजची स्थितीच ‘मूळ स्थिती’ धरलेली असते. आधीच्या खाणीचा गाळ आणि खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या) यांमुळे मासे आधीच कोंडीत सापडलेले असतात. नव्या खाणीचा भार त्यावर पडतो, म्हणून एकत्रित परिणाम मागा.

प्रश्न : धूळ बसवायला रोज १२ टँकर लागतील, ‘हे नगण्य आहे’ असं सांगतात. खरंच नगण्य आहे का?

उत्तर : पाणी कुठून आणि केव्हा उचलणार, त्यावर आहे. मोठ्या नदीतून असेल तर बहुधा हो. सड्याच्या झऱ्यावर चालणाऱ्या ओढ्यातून, मे महिन्यात, मुळीच नाही.

स्वतः मोजा. ओढ्याचा सरळ १० मीटरचा पट्टा निवडा, लाकडाचा तुकडा सोडा, वेळ घ्या. समजा ८० सेकंद लागले, पात्र ०.८ मीटर रुंद, सरासरी खोली १० सेंटिमीटर. तळाशी पाणी संथ असतं, म्हणून वेगाला ०.८ नं गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला ८ लिटर. पाच-सहा वेळा तुकडा सोडून सरासरी घ्या. एकदाच मोजलं की चुकतंच.

आता १०,००० लिटरचे १२ टँकर म्हणजे दिवसाला १.२ लाख लिटर, त्या प्रवाहाचा जवळपास सहावा हिस्सा. हेही कमी नाही, पण खरी मेख पुढे आहे. पंप १० मिनिटांत टँकर भरत असेल, तर तो सेकंदाला जवळपास १७ लिटर ओढतो, म्हणजे ओढ्यात येतं त्याच्या दुप्पट. तेवढा वेळ खालची धार तुटते, डोहाची पातळी उतरते, काठच्या उथळ पाण्यातली पिल्लं कोरडी पडतात. सरासरीच्या आकड्यात हे कधीच दिसत नाही. अट मागायची ती उपशाच्या वेगावर, आणि सर्वांत कोरड्या पंधरवड्याचं मोजमाप धरून.

त्याशिवाय जांभ्याचा सडा पाऊस मुरवून झऱ्यांना देतो. तो थर काढल्यावर झऱ्याचं काय होणार? यासाठी विस्ताराआधी निदान एक पूर्ण वर्षाची, दर पंधरवड्याची झऱ्याची नोंद हवी. बादली आणि घड्याळ पुरतं.

प्रश्न : खाणीत गाळ बसवायचा तलाव आहे, तरी पहिल्या पावसात ओढा लाल होतो. असं का? (एक वाचक, डिचोली, गोवा)

उत्तर : बहुधा तलाव भरलेला असतो किंवा पाणी त्यात थांबत नाही. वाळू मिनिटांत बसते. दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट) मातीचा कण मात्र तासाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली जातो, एक मीटर उतरायला त्याला सुमारे तीन दिवस लागतात. पावसाळी लोंढा काही तासांत तलाव ओलांडतो. त्यामुळे मेअखेर तलाव उपसलेला आहे का, हे बघा. पाण्याचे नमुने पहिल्या जोरदार सरीच्या पहिल्या तासात, खाणीच्या वर आणि खाली एकाच वेळी घ्या, बाटलीवर तारीख-वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना निवळलेला निघतो, आणि तोच मग अहवालात जातो.