‘नीट बघ’ म्हटल्याने दिसत नाही

“प्रमेयं पाठ आहेत, पण एकरूप त्रिकोणांत संगत बाजू हमखास चुकते. नजरेत काही दोष असेल का हो?” पालक हे इतक्यांदा विचारतात की एकदा लिहूनच टाकते. (एकरूप म्हणजे एकावर एक तंतोतंत बसणारे; तसे बसल्यावर एकमेकींवर येणाऱ्या बाजू त्या संगत.)

अशाच एका मुलीच्या वेळी पहिल्या दोन भेटींत आईच बोलली. तिसऱ्या भेटीत मी दोन विषमभुज त्रिकोण काढले, कखग आणि तथद, दुसरा पहिल्याची आरशातली प्रतिमा. मुलीने पायाला पाया जुळवला, डाव्या बाजूला डावी. पाया नशिबाने बरोबर आला.

“डावीला डावीच का?”

“दोन्ही एकाच जागी आहेत ना!”

नजर शाबूत होती. ती कोन बघतच नव्हती, कागदावरची जागा बघत होती. व्हान हिले या डच दांपत्याने १९५७मध्ये हेच मांडलं होतं: मूल आधी अख्खी आकृती ओळखतं, तिचे गुणधर्म मागाहून. मी त्याच वाटेची. म्हणून ‘नीट बघ’ न म्हणता कात्री देते.

तिने कखग कापून तथदवर ठेवला. सरकवला, फिरवला. बसेना. “हे एकरूप नाहीतच!” मी गप्प राहिले. (हे गप्प राहणं मला फार उशिरा जमलं.) बऱ्याच वेळाने वैतागून तिने तुकडा पालथा टाकला आणि तो चपखल बसला.

“अय्या! क तर थवर आलाय!”

“आणि ख?”

“तवर. ग दवर.”

आधी लिहिलेलं ‘कखग ≅ तथद’ (≅ म्हणजे एकरूप) तिने स्वतःच खोडलं, ‘कखग ≅ थतद’ केलं. मग मी आकृतीवर तळहात ठेवला. “कग कोणाची जोडीदार?” तिने अक्षरांवर बोट फिरवलं. पहिलं-तिसरं, पहिलं-तिसरं. “थद!” नावांच्या क्रमातच सगळ्या जोड्या असतात, हे तिला तेव्हा कळलं. माझ्या मते अर्धा धडा इथेच संपतो. बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको (कोन-बाजू-कोन) या एकरूपतेच्या कसोट्या नंतर आपसूक येतात.

घरी एवढंच करा. समान कोनांना एकच रंग द्या आणि त्यांच्यासमोरच्या बाजू जोडायला सांगा. क्रम अडला तर मोठ्यात मोठ्या कोनापासून सुरुवात; सर्वांत मोठी बाजू त्याच्याच समोर असते. दोन त्रिकोण एकमेकांत अडकलेले असतील तर सुटे काढायला लावा. सामायिक बाजू स्वतःचीच जोडीदार असते, हे मुलांना विचित्र वाटतं. सुट्या आकृत्यांत तीच बाजू दोनदा काढावी लागली की पटतं.